हवाई पट्टी, अन्ना गाई आणि आकाशातली पोर

मी सगळी नोकरी वारा मोजण्यात घालवली. असं सांगितलं की माझी नातवंडं हसतात, आणि त्यांचे मित्र आधी माझ्याकडे नि मग एकमेकांकडे पाहतात. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा मीही विचारलं की चकल्या पुढ्यात असताना वाऱ्याबद्दल कोण वाचणार? पण बाई निवृत्त झाली म्हणून तिची बोलायची हौस थोडीच निवृत्त होते? तेव्हा ऐका.

झाशीला विमानतळ आहे का, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. विमानतळ म्हणाल तर नाही, पण हवाई पट्टी होती. गावाबाहेर डांबराचा एक लांबलचक काळा पट्टा, दोन खोल्यांचं ऑफिस, विमान ठेवायला पत्र्याची एक शेड आणि खांबाला लावलेला, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा. पूर्वेला रेल्वेवाल्यांची वसाहत आणि पश्चिमेला कुंपणाला अगदी चिकटून खपरेलांच्या, म्हणजे कौलांच्या घरांची एक वस्ती. तिला सगळे 'पट्टीपार' म्हणत. इथे मोठी विमानं यायची नाहीत. फ्लाइंग क्लबची शिकाऊ मुलं यायची, हंगामात पिकांवर औषध फवारणारं विमान यायचं, कधी एखादा मंत्री, कधी दिल्लीला न्यायचा एखादा आजारी माणूस. दोन-दोन दिवस काहीच आलं नाही असंही व्हायचं. पण वारा रोज यायचा, म्हणून मी रोज जायची.

आमचं घराणं केव्हातरी कारकुनी करायला झाशीत आलं ते राहिलंच. घरात मराठी, ओट्यावर हिंदी आणि भाजीवालीशी बुंदेली, असा आमचा संसार. अशा घरातली मुलगी शाळेत शिकवणार, फार तर बँकेत चिकटणार. मला सायन्सची पदवी मिळाली आणि हवामानाची ही नोकरी लागली, तेव्हा आईनं शेजारी सांगितलं, "आमच्या पोरीला विमानात नोकरी लागली." मी ते खोडून काढलं नाही. उलट इलाइट चौराह्यावरून एक काळा चष्मा आणि टाचेच्या सँडल घेऊन आले. खडीतून, बाभळीच्या काट्यांतून, टाचेच्या सँडल! मला आज ती मुलगी भेटली तर मी तिचे दोन्ही कान पिळेन आणि तो चष्मा मात्र मागून घेईन, छान होता.

काम काय, ते सांगते. सकाळी रबराच्या फुग्यात हायड्रोजन भरायचा आणि सोडून द्यायचा. मग जमीन मोजणारे वापरतात तसल्या दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा. फुगा किती वेगानं वर चढतो हे आधीच ठाऊक असतं. तो बाजूला किती सरकला हे दुर्बिणीच्या कोनावरून कळतं. त्यावरून कुठल्या उंचीवर वारा कुठून कुठे आणि किती जोरानं वाहतोय ते काढायचं आणि वैमानिकांना सांगायचं. झालं.

झालं म्हणते खरी, पण पहिल्या सकाळी माझ्या अंगावर काटा आला होता. खाली पिंपळाचं पान हलत नव्हतं. फुगा सरळ वर चढत होता, आणि एकाएकी, कुणी हात धरून ओढावं तसा उजवीकडे धावायला लागला. आणखी वर गेला तर परत डावीकडे. म्हणजे माझ्या डोक्यावर एक नदी वाहत होती आणि तिच्याही वर दुसरी, उलट दिशेनं वाहणारी! खाली माणसं सायकलवरून डबे घेऊन चालली होती, कुणाला पत्ताच नाही. फुगा मोहरीएवढा झाला, मग दिसेनासा झाला, आणि मी दुर्बिणीला डोळा लावून तशीच उभी. तेव्हापासून हजारो फुगे सोडले असतील. तो काटा काही गेला नाही.

तरुणपणी मात्र माणसाला नुसतं थक्क होऊन चालत नाही, मिरवायचंही असतं. मी एकदा फुग्याला चिठ्ठी बांधली. स्वतःचं नाव आणि 'हवाई पट्टी, झाँसी'. मनात असं की कुणीतरी देखणा वैमानिक ती उचलेल. कुठे उचलेल, आकाशात की काय, ते विचारू नका. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात एक म्हातारा शेतकरी, त्याची बायको, सून आणि डोक्यावर खरबुजांची टोपली. थेट एरचहून बस बदलत आलेले. धोतराच्या सोग्यातून त्यानं रबराची चिंधी आणि माझी चिठ्ठी काढली.

"बिटिया, जो सामान तुमाओ आय? बेतवा की रेत में परो मिलो." बेतवा नदीच्या वाळूत पडलेलं मिळालं, हे तुझं का?

मी काळा चष्मा सावरत हिंदीत सरकारी आभार मानले.

"ईमें हतो का?" त्यानं विचारलं. यात होतं काय?

"कुछ नहीं, कक्का. गैस थी."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "सुन रईं? इत्ती दूर से कछू नईं आओ," तो अगदी आदरानं म्हणाला. इतक्या लांबून काहीच नाही आलं, याचं त्याला नवल वाटत होतं. मग चौघांनी मिळून खरबूज कापलं. ते इतकं गोड होतं की देखण्या वैमानिकाचं दुःख मला फार वेळ टिकवता आलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते, पण त्याआधी 'अन्ना' समजून घ्यायला हवं. बुंदेलखंडात रब्बीचं पीक निघालं की चैतात गाई मोकळ्या सोडून देतात. शेतं रिकामी, चारा नाही, विहिरी खोल गेलेल्या; घरी बांधून खायला काय घालणार? म्हणून पावसाळा लागेपर्यंत त्या कुठेही चरतील, कुठेही बसतील. याला म्हणतात अन्ना. आणि अन्ना गाय कुणाचीच नसते! तिनं कुणाच्या मळ्यात तोंड घातलं तरी विचारायची सोय नाही. वर्षभर जिला पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिच्याकडे बघून माणूस मख्खपणे सांगतो, "अन्ना है साब, कोऊ की नइयाँ."

आमचं कुंपण जागोजागी तुटलेलं. पट्टीच्या कडेला दुर्वांचा हिरवा पट्टा आणि पलीकडे एक तलैया, म्हणजे छोटं तळं. उन्हाळ्यात संध्याकाळी पट्टीपारचा सगळा अन्ना कळप पाण्याकडे जाताना डांबरावर येऊन ठाण मांडायचा. ऑफिसचे मुख्य सक्सेना साहेब. चष्मा जाड, आवाज बारीक, मनानं बरा माणूस. पण गाईंनी त्यांचं रक्त आटवलं होतं. शेवटी त्यांनी वस्तीत जाऊन जाहीर केलं की यापुढे पट्टीवर दिसेल ती गाय कांजीहौसात, म्हणजे कोंडवाड्यात जाईल, आणि मालकाचं नाव कळलं की वर दंड. झालं, दुसऱ्या दिवसापासून वस्तीत कुणाकडे गाय नव्हतीच. म्हशीही नव्हत्या. एका घरातून शेळी ओरडली तर तो घरमालक म्हणाला, लहान पोरगं रडतंय.

त्या दिवशी दुपारी फोन आला की फ्लाइंग क्लबची एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटीनं लांबचा पल्ला मारत झाशीला येतेय. विद्यार्थिनी! मी घरी जाऊन साडी बदलून आले. आकाशातून एक बाई उतरणार आणि जमिनीवर तिच्या स्वागताला दुसरी बाई उभी, असं चित्र मी मनात रंगवलं होतं. त्यात गाई नव्हत्या.

चारच्या सुमाराला पश्चिमेचं आकाश विटकरी झालं. जेठातली आंधी कशी येते हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. क्षितिजावर एक भिंत उभी राहते, जमिनीपासून आभाळापर्यंत मातीची. ती चालत येते. आणि ती यायच्या आधी हवा पूर्ण थांबते. मोजा खांबाला चिकटून लोंबत होता. आणि त्या स्तब्धतेत मला घरघर ऐकू आली. दोन माणसांचं चिमुकलं विमान, उन्हात चकाकत, भिंतीच्या पुढे पुढे येत होतं.

आणि पट्टीवर टोकापासून टोकापर्यंत गाई.

त्या विमानात रेडिओ नव्हता. तेव्हा लहान विमानांत सर्रास नसायचा. खालचा मोजा बघायचा, जमिनीवर अंथरलेल्या कापडाच्या खुणा बघायच्या आणि उतरायचं. उतरू नको म्हणायला पांढऱ्या कापडाची फुली होती आमच्याकडे. साहेबांनी ती हातात घेतली आणि खाली ठेवली. उतरू नको म्हणून ती जाणार कुठे? मागे आंधी, टाकीत तेल बेताचं, आणि आसपास दुसरी पट्टी नाही. त्यांनी जीप काढली, भोंगा वाजवत कळपात घुसवली. गाई पुढून हटायच्या आणि मागून परत यायच्या. जितकं हाकलावं तितक्या एकमेकींना चिकटून घट्ट व्हायच्या. जीपच्या चहूबाजूंनी शिंगंच शिंगं. विमान खाली आलं, गाई पाहून परत वर गेलं, आणि घिरट्या घालायला लागलं. एक. परत एक. भिंत जवळ येत होती.

मला एक गोष्ट माहीत होती आणि ती माझ्या हुशारीमुळे नव्हे, माझ्या वात्रटपणामुळे. पावसाळ्यात गाई घरी असताना संध्याकाळी पट्टीपारच्या बायका आपापल्या गाईला हाक मारायच्या, त्याला 'टेरणं' म्हणतात. प्रत्येक घराची हाक वेगळी. कुणी उंच सूर लावायची, कुणी जिभेनं टकटक करायची, कुणी बादलीचं बूड वाजवायची. मी घरी येऊन भावंडांना त्या सगळ्या नकला करून दाखवायची आणि आई म्हणायची, "अगं, हिला नोकरी कोणी दिली?" एकदा मी ऑफिसच्या गच्चीवरून खुद्द गाईंवर प्रयोग केला. नक्कल हुबेहूब होती. एक कालवड थांबली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि अशी मान फिरवून गेली की मला आजही आठवलं तरी ओशाळल्यासारखं होतं. गाय घरच्या आवाजालाच येते.

मी पट्टीपारकडे धावले. अर्ध्या वाटेत एक टाच मोडली, दुसरी मीच उपटून फेकली. वस्तीत सगळ्या बायका आंधीसाठी दारं लावत होत्या. मी ओरडले, "अपनी-अपनी गाय को बुलाओ! जल्दी!"

मग एकजण म्हणाली, "कौन सी गइया, बिन्नू?" कोणती गाय, ताई?

"जी पट्टीवर आहे ती!" घाबरले की माझी मराठी निघते.

"बे तो अन्ना हैं," दुसरी म्हणाली आणि जीपकडे पाहिलं. साहेब जीपमध्ये उभे होते. आज जिनं हाक मारली, तिची गाय कोणती ते साऱ्या जगासमोर ठरणार होतं, आणि उद्या ती कांजीहौसात. गाय गेली की पावसाळ्यात दूध गेलं, गोऱ्हा गेला, घरची शेती गेली. त्या उगीच अडून बसल्या नव्हत्या.

हरकुंवर बऊ वस्तीतली सर्वांत वयस्क. बऊ म्हणजे आजी. त्या ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी हात कपाळाला लावून वर पाहिलं.

"ऊपरै को है?" वर कोण आहे?

"मोड़ी है, बऊ. एक पोर आहे. एकटी."

"अकेली?"

"अकेली."

बऊ उठल्या. कुंपणाजवळच्या मातीच्या ढिगावर चढल्या, पदर डोक्यावरून मागे सारला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि टेर दिली, "ओऽऽ धौरीऽऽ, लेऽऽ आऽऽ ले..."

हवा मी सांगितलं तशी अगदी थांबलेली होती. तो आवाज पट्टीवरून थेट दुसऱ्या टोकापर्यंत गेला. त्या शिंगांच्या गर्दीत मधोमध एक पांढरं डोकं वर झालं. फक्त एक. कान टवकारले, आणि ती गाय बाकीच्यांना ढकलत, वाट काढत चालायला लागली. बऊनं मागे वळून नुसतं पाहिलं. मग एका बाईनं जिभेनं टकटक केली. एकीनं बादली उलटी धरली. एकीनं "कजरीऽऽ" म्हणून लांब सूर काढला. बघता बघता सगळी वस्ती टेरत होती, बायका, पुरुष, दातपडकी म्हातारी माणसं. पंचवीस-तीस हाका, एकात एक मिसळलेल्या. माझ्या कानांना नुसता कल्लोळ. पण त्यातली आपली हाक प्रत्येक गाय वेगळी काढत होती. जो कळप जीपला फुटला नव्हता, तो धाग्या-धाग्यानं सुटला. कुणी या बोळाकडे, कुणी त्या दाराकडे. चुकली एकही नाही. मी आकाशातल्या नद्या रोज पाहणारी बाई, तिथे तोंडाचा आ करून उभी.

पट्टी काळी, मोकळी, लांबच लांब झाली. विमान उतरलं, दोनदा उसळलं, धावलं, थांबलं. सगळ्यांनी मिळून ते ढकलत शेडमध्ये नेलं आणि साखळदंडानं बांधलं, तोवर भिंत येऊन आदळली.

वादळभर आम्ही शेडमध्येच. मुलीचं नाव नीलम. केस कापलेले, वय विशीचं असेल नसेल. बायकांनी तिला मध्ये बसवून दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. माझ्या स्वागताच्या चित्रातली मी मात्र अनवाणी, साडी काट्यांनी फाटलेली, चष्मा बेपत्ता.

"आप लोगों ने क्या किया?" नीलमनं विचारलं. "ऊपर से ऐसा लगा जैसे किसी ने मुट्ठी खोल दी."

सगळ्या सक्सेना साहेबांकडे पाहत होत्या. बऊच पुढे झाल्या. "लेओ साब. पांढरी धौरी हमाई आय. बाँध लेओ." घाईत 'पांढरी' हा मराठी शब्द कुठून आला म्हणाल, तर तो माझ्याकडून शिकलेला, माझी नक्कल त्याही करत असत.

साहेबांनी चष्मा काढला, धोतरासारखी फडफडणारी पँट झटकली, काच पुसली, परत लावला. "कौन सी गैया, माताजी?" ते बारीक आवाजात म्हणाले. "इतनी आँधी थी. मुझे तो कुछ दिखा ही नहीं."

गाई गेल्या तेव्हा आंधीची धूळदेखील अजून पोचलेली नव्हती. हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकजण पदरात तोंड घालून हसायला लागली, मग सगळ्याच. कांजीहौसाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. साहेबांनी कुंपण दुरुस्त करून घेतलं आणि दुर्वांचा पट्टा कापून न्यायला वस्तीला मोकळीक दिली.

आता अन्नाही पहिल्यासारखं राहिलं नाही. शेतं ट्रॅक्टर नांगरतो, गोऱ्ह्याला काम नाही, म्हणून सोडलेल्या गाई बारा महिने सोडलेल्याच. लक्ष्मी तालाच्या रस्त्यावर दुभाजकाला टेकून बसलेल्या दिसतात. मी रिक्षातून जाताना बघते, त्यांना टेरणारं कुणी नसतं. वाराही हल्ली यंत्रं मोजतात, आणि बरोबर मोजतात. यंत्रं चिठ्ठ्याही बांधत नाहीत.

पण दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिलीच. आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. नीलम परत निघाली, तेव्हा साहेबांनी फाटक उघडून सगळ्या वस्तीला आत घेतलं. बऊनं विमानाच्या पंखावर हात ठेवला आणि झटकन काढला. "बाई री! जो तो लत्ता आय!" नुसतं कापड! खरंच, त्या विमानांच्या पंखांना कापडच असायचं, वर रोगण चढवलेलं. बऊ ते कापड बोटांनी चाचपत राहिल्या, नवी साडी पाहावी तसं. मग नीलमला म्हणाल्या, "काए मोड़ी, उतै तोखों को टेरहै?"

तिला बुंदेली कळेना. मी सांगितलं, "विचारतायत, तिकडे तुला हाक कोण मारणार?"

"कोई नहीं, अम्मा," नीलम म्हणाली. "वहाँ बत्ती दिखाते हैं." म्हणजे उतरायची खूण दिव्यानं करतात.

बऊला हे मुळीच पटलं नाही.

विमान धावलं, उचललं गेलं, रेल्वे वसाहतीवरून वळलं आणि लहान होत गेलं. मी सवयीनं दुर्बीण त्याच्यामागे लावली होती. ते मोहरीएवढं झालं तेव्हा शेजारी बऊनं हात तोंडाशी नेले आणि पूर्ण दमानं टेर दिली. गाईला देतात तीच, नाव फक्त निराळं. "ओऽऽ मोड़ीऽऽ, लेऽऽ..." बाकीच्या बायकांनीही सूर धरला. काल सकाळची मी असते, तर घरी जाऊन याची नक्कल केली असती.

ठिपका नाहीसा झाला. "सुन लओ हुइए ऊने?" बऊनं मला विचारलं. ऐकलं असेल तिनं?

मी त्या सकाळचा फुगा तासाभरापूर्वीच सोडला होता. खाली, वर, त्याच्याही वर, तिन्ही नद्या एकाच बाजूला वाहत होत्या, आमच्याकडून तिच्याकडे.

"हओ बऊ," मी म्हटलं. "हवा उतईं जा रई."